द्वारकाबाईंच्या सुऱ्या

द्वारकाबाईंच्या सुरीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे, आणि लावला तरी त्याचा काही उपयोग नसे. मी एकदा लावून पाहिला होता. कॅन्टीनमध्ये कोणी नव्हतं, ओट्यावर त्यांची मधली सुरी पडलेली होती, मी सहज उचलली. चांगली धडधाकट पाच बोटं असून मला ती धरता येईना. मुठीला भलत्याच जागी खाच आणि जिथे आपली बोटं वळायला हवीत तिथे फुगवटा. मी ती हातात अशीतशी फिरवून बघते आहे तोवर मागून आवाज आला, "ठेव ती. तुझा हात पुरा हाय. तुना नाय जमायची."

बोईसरला औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. औषधांच्या आणि सरबतांच्या बाटल्यांना पत्र्याची झाकणं लागतात, ती आम्ही बनवतो. मी क्वालिटीला आहे, म्हणजे झाकण नीट बसतं की नाही हे बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. द्वारकाबाई आधी प्रेस शॉपला होत्या. पत्रा आत सरकवायचा, वरून प्रेस दणका देणार, खाली झाकण पडणार. एका दुपारी त्या प्रेसने पत्र्याबरोबर त्यांची बोटंही घेतली. उजव्या हाताची मधली दोन मुळापासून गेली आणि करंगळी अर्धी. राहिला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. मी कंपनीत लागले त्याच्या आधीची ही गोष्ट. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॅन्टीनमध्ये होत्या आणि तो हात हलवत कोणाला तरी शिव्या देत होत्या.

कॅन्टीनमधलं काम ही कंपनीची मेहरबानी होती, असं कंपनी समजत होती. बोटं गेलेल्या बाईला प्रेसवर ठेवता येईना, घरी पाठवावं तर कामगार चिडलेले, म्हणून तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की कंपनी आहे तोवर द्वारकाबाई पाटील इथे कामाला आहेत. भाजी चिरायचं काम दिलं. बोटं तुटलेल्या माणसाला सुरी हातात द्यायची, ही अक्कल कोणाची होती ते मला आजवर कळलेलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातून सुरी इतक्यांदा पडली की आचारी लोक त्या आल्या की पाय आवरून घेत. त्यांना हसत. द्वारकाबाई हे सगळं मला स्वतः सांगत, आणि सांगताना हसणाऱ्यांची नावं एकेक करून घेत. त्यातला एकही आता कंपनीत नाही, पण नावं त्यांना पाठ होती.

मुठीचा शोध त्यांना लागला तो रागाच्या भरात. त्या माकुणसारच्या. घरी वाडी, केळी, थोडे चिकू, आणि सकाळी निघण्याआधी तांदळाच्या भाकऱ्या. उकड मळताना उजवा हात चालेना, तळव्याला पीठ नुसतं चिकटायचं. "एक दिवस असा राग आला, असा राग आला, मी तो गोळा मुठीत धरून आवळला. म्हटलं, मर मेल्या." मग मूठ उघडली तर गोळ्यावर त्यांच्या हाताचा पुरा ठसा. अंगठा कुठे दाबतो, बोट कुठे वळतं, बोटं नाहीत तिथे पीठ कसं फुगून वर येतं, सगळं. त्यांनी त्याची भाकरी केली नाही. गोळा वळचणीला वाळत ठेवला आणि दगडासारखा झाल्यावर सफाळ्याच्या सुताराकडे नेला.

"हे काय आनलंस?" सुतार म्हणाला.

"माझा हात. याच्या मापाच्या मुठी कर."

लाकूड त्यांनीच नेलं होतं. वादळात पडलेल्या चिकूच्या झाडाचं. चिकूचं लाकूड इतकं चिवट असतं की सुताराने आधी हत्यारांची धार जाते म्हणून कुरकुर केली. पण केल्या. मोठी, मधली आणि छोटी, अशा तीन. पाती कंपनीची, मुठी द्वारकाबाईंच्या. त्या दिवसापासून त्यांच्या हातून सुरी पडली नाही. कोबी त्या असा बारीक चिरत की ताटात पडला तर दोऱ्यासारखा दिसे, आणि चिरताना सुरीकडे बघतसुद्धा नसत, बघत समोरच्याकडे आणि त्याचा उद्धार करत.

त्या मुठींचं त्यांना फार. सुटीच्या आदल्या दिवशी, दुपारचं जेवण उरकलं आणि भांडी मोरीत गेली की त्या कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसत. सुऱ्या पुसून सावलीत वाळवलेल्या असत. उन्हात कधी नाही, उन्हात लाकूड तडकतं. मग खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली निघे. बाटलीत करंजेल, त्यांच्याच गावच्या खाडीकाठच्या करंजांचं. बाटलीला झाकण आमच्याच कंपनीचं. हे मी एकदा त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, "मग? बोटं दिली, एक झाकण तरी घेवू नको?"

तेल थोडं कोमट करायचं. चिंधीने नाही लावायचं, आधी तळव्याने चोळायचं, त्याच तळव्याने. लाकूड पिईल तेवढं पाजायचं, सुटीभर तसंच ठेवायचं आणि सुटीनंतर कामावर आल्या आल्या कोरड्या फडक्याने खसखसून पुसायचं. इतकंच काम, पण ते चालू असताना त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. चोळता चोळता त्या मुठीकडे ज्या नजरेने बघत, त्या नजरेने त्यांना मी माणसाकडे बघताना पाहिलं नाही. त्या हाताला इतर वेळी सदा ठणका. नसलेली बोटं दुखतात, खाजतात, आणि खाजवायला तिथे काही नसतं. "तेल चोळताना तेवढं थांबतं," असं त्या एकदा म्हणाल्या आणि मग आपण उगाच बोललो असं वाटून माझ्यावर खेकसल्या.

करंजेलाचा वास ज्याने घेतला नसेल त्याला तो सांगून कळणार नाही. उग्र, कडवट, घशाशी बसणारा. सुटीच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी कॅन्टीनमध्ये शिरलं की तो वास येई, आणि नवीन लोक नाक मुरडत. मी म्हटलं होतं, "द्वारकाबाई, एवढं कडू तेल कशाला? खोबरेल लावा ना. खायची भाजी चिरता त्याने."

"खोबरेल डोक्याला लावतात. आनि गोडंतेल लाकडाला लावलं का चिकट होतं, झुरळं चाटतात. हे बघ, याला मुंगीपन नाय शिवत." त्यांनी सुरी माझ्या नाकाशी धरली. "कीड जवल येत नाय. माझ्या सासऱ्याच्या कोयत्याची मूठ हाय घरात, अजून जशीच्या तशी हाय."

कडू तेलाने मूठ टिकते हे खरं. पण ती सुरी भाजीला लागते हेही खरं, आणि यात माझं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. त्यांना पटलं नाही. त्यांना काही पटवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. करंजेल त्यांच्या सासऱ्याने लावलं, त्याच्या बापाने लावलं, त्यामुळे विषय संपला.

स्वभाव म्हणाल तर कारलं. नवीन आलेली पोरं त्यांना लाडाने मावशी म्हणत. त्या चिरता चिरता थांबत आणि विचारत, "मी तुझ्या आयशीची बहीन हाय काय? आयशीला ईचारून ये, मग मावशी म्हन." त्यांनीही कोणाला नात्याने हाक मारली नाही. नावानेही नाही. माणसं त्या खात्यावरून ओळखत. मी "क्वालिटी". माझ्या आधी जी मुलगी होती तीही क्वालिटी, आणि मी गेले की जी येईल तीही असणार. "ए डिस्पॅच, ताट उचल. ए अकौंट, किती खातोस रे." कॅन्टीनचं जेवण स्वतः कधी खाल्लं नाही. डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी, ती एकट्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून खात. कोणी डब्यात डोकावलं की झाकण लावत.

एकदा त्या खरोखर गप्प झाल्या. रामसुमेर नावाचा आचारी होता, गोरखपूरकडचा, भला माणूस. त्याने एका संध्याकाळी त्यांच्यावर उपकार करायचे म्हणून तिन्ही सुऱ्या साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, सकाळपर्यंत. सकाळी मुठी फुगलेल्या आणि छोटीच्या मुठीला उभी भेग. रामसुमेर हात जोडून उभा. "दीदी, साफ करने को डाला था." आम्हा सगळ्यांना वाटलं, आता त्याची धडगत नाही. द्वारकाबाईंनी सुऱ्या पदराने पुसल्या, पिशवीत घातल्या आणि घरी निघून गेल्या. त्या परत येईपर्यंत कॅन्टीनला कांदा चिरलेला मिळाला नाही, कारण रामसुमेर दुसरी सुरी हातात घ्यायलाच तयार नव्हता. बिनकांद्याची आमटी अख्ख्या कंपनीने गिळली. मग एक दिवस त्या आल्या. भेगेत लाकडाचा भुसा आणि डिंक भरलेला, वरून तेल पाजलेलं. रामसुमेरला एवढंच म्हणाल्या, "लकडी है. मछली नहीं है, पानी में नहीं रहती." त्यानंतर तो त्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसू लागला, आणि त्यांनी त्याला बसू दिलं. बोलत मात्र कोणीच नसे.

सुरक्षा सप्ताहाची गोष्ट सगळ्या वसाहतीत पसरली होती. इथे देसाई साहेबांबद्दल सांगायला हवं. द्वारकाबाईंची बोटं गेली त्या दिवशी प्रेस शॉपचा सुपरवायझर देसाई होता. पुढे तो चढत चढत आमच्या सगळ्या प्लँटचा प्रमुख झाला. मी त्याला अहो-जाहो करते ते ऑफिसात. इथे करणार नाही. दर वर्षी सुरक्षा सप्ताहात मांडव घालतात, शपथ घेतात, लाडू वाटतात. त्या वर्षी देसाईच्या मनात आलं की द्वारकाबाईंना स्टेजवर उभं करावं. म्हणजे नव्या कामगारांना डोळ्यांनी दिसेल. तो माइकवर म्हणाला, "हा हात बघा. एक क्षण निष्काळजीपणा, आणि आयुष्यभराची शिक्षा. ताई, तुम्ही दोन शब्द बोला."

द्वारकाबाईंनी माइक डाव्या हातात घेतला आणि उजवा वर केला, सगळ्यांना दिसेल असा. "मशीनला गार्ड असतो," त्या म्हणाल्या. "हात आत गेला का मशीन बंद पडते. त्या दिवशी माल लवकर पायजे होता म्हनून गार्ड काढून ठेवलेला. कोनी काढलेला, ते साहेबांना ईचारा. साहेब इथंच बसलेत."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लाडू मात्र सगळ्यांनी घेतले. देसाई हसला, ताई थट्टा करतात असं काहीसं म्हणाला आणि पुढच्या वर्षीपासून त्यांना स्टेजवर कोणी बोलावलं नाही. त्याने तेव्हा काही केलं नाही. काढून टाकलं असतं तर बोभाटा झाला असता. तो थांबला. असली माणसं थांबायला तयार असतात, त्यांचा पगार चालूच असतो.

मग ते परदेशी गिऱ्हाईक आलं. मोठी ऑर्डर होती, आणि अट अशी की फक्त झाकणं नाही, सगळी कंपनी स्वच्छतेच्या तपासणीत बसली पाहिजे, कॅन्टीनसकट. कॅन्टीनमध्ये लाकडी मुठीच्या सुऱ्या चालणार नाहीत, कारण लाकडात ओल धरते आणि ओलीत जंतू राहतात. प्लॅस्टिकच्या मुठी हव्यात. द्वारकाबाईंना प्लॅस्टिकची मूठ धरता येणार नव्हती, म्हणजे भाजी चिरता येणार नव्हती, आणि भाजी चिरता आली नाही तर देसाईला जे इतकी वर्षं हवं होतं ते आयतं मिळणार होतं. त्यांनाही ते कळलेलं होतं. तपासणीच्या आधीच्या दिवसांत त्या कोणालाच शिव्या देईनात, त्यामुळे कॅन्टीनमध्ये फार विचित्र वाटे.

तपासणीला पुण्याची एक मुलगी आली. मला वाटलं होतं कोणी खत्रूड माणूस येईल. ही शांत, समजूतदार, सगळ्यांना नमस्कार करणारी. तिने सुऱ्या हातात घेतल्या, मुठी उलटसुलट करून बघितल्या आणि द्वारकाबाईंचा हात बघितला. काय ते तिला लगेच उमगलं. ती देसाईला म्हणाली, "सर, यांची अडचण खरी आहे. लाकूड गुळगुळीत आहे, भेगा भरलेल्या आहेत, नीट ठेवलंय. यांच्यापुरता अपवाद करता येतो. फक्त मूठ खाण्यायोग्य तेलाने सील केलेली हवी." देसाईचं तोंड बघण्यासारखं झालं. तिने द्वारकाबाईंकडे वळून विचारलं, "आजी, याला तुम्ही कुठलं तेल लावता?"

आदल्या दिवशी मी त्यांना बजावलं होतं. पायरीवर बसून, हात जोडून सांगितलं होतं की तेलाचं विचारलं तर खोबरेल म्हणा. दुसरं काही बोलू नका. त्या हूं म्हणाल्या होत्या. आणि त्या क्षणी म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. त्या शब्दावर त्यांचं काम टिकणार होतं.

पण असं झालं की त्या मुलीने मुठींची तारीफ केली होती. इतक्या वर्षांत त्या मुठींना कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. आम्ही नाक मुरडलं, आचाऱ्यांनी हसून घेतलं, आणि ही शिकलेली पोर त्या हातात घेऊन नीट ठेवलंय म्हणाली. द्वारकाबाईंचा चेहरा खुलला. तो मी पहिल्यांदाच तसा पाहिला. त्या म्हणाल्या, "करंजेल. आमच्या घरचं. खोबरेल लावतात ते येडे. हे एवढं कडू असतं का किडा जवल आला तर मरतो. शेतात भाजीवर फवारतो आमी हेच, कीड मारायला. बघ ना, वास घे."

मुलीने वास घेतला. तिचा हात तसाच थांबला. "म्हणजे कीटकनाशक?" तिने हळूच विचारलं.

"मग! कीड उभी नाय राहात."

द्वारकाबाईंना वाटलं, आपण मुठीची किंमत वाढवतो आहोत. त्यांच्याकडे कोयता विकताना किंवा लग्नात मुलीला विळी देताना माणसं हेच सांगतात, की हिला करंजेल पाजलंय, हिला काही होणार नाही. स्वयंपाकघरात कीड मारणारं तेल, हे वाक्य त्या मुलीच्या कानाला कसं लागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मुलीने देसाईकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला खरंच वाईट वाटलं असावं. "सर, मग मला काही करता येत नाही," ती म्हणाली. मी द्वारकाबाईंकडे बघितलं तर त्या अजून हसतच होत्या. एवढ्यात काय घडून गेलं ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

सुऱ्या त्याच दुपारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गेल्या, पिशवीला लाल कागद चिकटला आणि पिशवी देसाईच्या ऑफिसात गेली. कॅन्टीनला नव्या सुऱ्या आल्या, हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या, पाच बोटांच्या माणसांसाठी केलेल्या. द्वारकाबाईंनी त्या धरून पाहिल्या. मुठीला फडकं गुंडाळून पाहिलं, तर फडकं चालत नाही म्हणून तेही काढायला लावलं. मग एका सकाळी कोबी चिरताना मूठ ओल्या हातात फिरली आणि पातं डाव्या तळव्यात शिरलं. चांगला हात होता तो. रामसुमेर त्यांना उचलून दवाखान्यात घेऊन गेला, टाके पडले, आणि दुसऱ्याच दिवशी देसाईने बैठक बोलावली. क्वालिटीतर्फे मी होते, कारण तपासणीचं काम माझ्याकडे होतं.

"द्वारकाबाई, मला तुमची काळजी वाटते," देसाई म्हणाला. हे वाक्य तो माणूस त्या बाईसमोर बोलू शकला. "तुमच्याच सुरक्षेसाठी तुम्हाला सुरीच्या कामावर ठेवता येणार नाही. झाडलोटीच्या कामाला जा, नाहीतर मानाने निवृत्ती घ्या."

"झाडू मारायला मना लाज नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "रोज वाडी झाडतो आमी. पन तू दिलेला झाडू नाय मारनार मी." ऑफिसात त्याला अरे-तुरे कोणी करत नसे. त्या पुढे म्हणाल्या, "तेव्हा गार्ड काढलास, आता सुरी काढलीस. बस झालं. माझ्या सुऱ्या दे, मी जातो."

"सुऱ्या कंपनीची मालमत्ता आहे."

"पातं तुझं, ठेव. मूठ माझ्या वाडीची हाय. ठोकून काढ नि दे."

देसाई म्हणाला की त्या भंगारात गेल्या. मी बैठकीतून उठून सरळ मागे भंगाराच्या शेडमध्ये गेले. तिथे प्रेस शॉपमधल्या पत्र्याच्या कातरणीचा ढीग असतो, हात घातला तर हात फाटेल असा. मी तो काठीने उकरला. भंगारवाला म्हणाला, सकाळीच गाडी गेली. खरं होतं की सांगायला सांगितलेलं होतं, देव जाणे. मी परत आले तेव्हा द्वारकाबाई गेटवर उभ्या होत्या आणि सिक्युरिटीवाला त्यांची पिशवी तपासत होता. पिशवीत डबा होता आणि तेलाची बाटली. बाटलीचा वास घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"मिळाल्या?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. डाव्या हाताला पट्टी होती, म्हणून बाटली त्यांनी उजव्या हाताने, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून त्या माणसाच्या टेबलावर ठेवली. "तूच ठेव," त्या म्हणाल्या आणि रिक्षा थांब्याकडे चालू लागल्या. निरोप समारंभ ठेवला होता, त्या आल्या नाहीत. शाल आणली होती, ती कपाटात पडून आहे. गिऱ्हाईकाची ऑर्डर आली, आम्हा सगळ्यांना मिठाई मिळाली. मला राग येतो. देसाईचा येतोच, पण त्यांचाही येतो. एक शब्द बोलायचा होता, खोबरेल. खोटं बोलायला आम्ही सगळे इतके सराईत झालेले, आणि या बाईला ते एकदाही जमू नये.

रामसुमेर गावी गेला तो परतला नाही. माकुणसारला जाऊन यावं असं मी मनात आणत राहिले, पण त्या दारात उभं करतील अशी खात्री नव्हती.

परवा मी पालघरच्या बाजारात भाजी घेत होते. रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बायका बसतात, त्यांच्यात द्वारकाबाई दिसल्या. बऱ्याच वाळल्या होत्या. समोर वाडीतली केळी, अळूच्या जुड्या आणि दोन लाल भोपळे. मी समोर उभी राहिले तर आधी त्यांनी केळ्यांचा भाव सांगितला, मग वर बघितलं.

"क्वालिटी," त्या म्हणाल्या.

"बऱ्या आहात?"

"बघतेस ना." डाव्या तळव्यावरचा टाक्यांचा वण ओळखू येत होता. उजवा हात पदराखाली होता.

मी न राहवून विचारलं, "दुसऱ्या मुठी करून घेतल्या नाहीत?"

"सुतार मेला. पोरगा प्लायची कपाटं करतो. त्याच्याकडं गेलती मी. म्हनला, आजी, चिकूबिकू कोन घासत बसतो, ऑनलाईन घ्या." त्या हसल्या नाहीत. मी देसाईची बदली झाली असं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण कुठे झाली ते विचारलं नाही. केळ्यांवरची माशी हाकलत राहिल्या.

तेवढ्यात एक बाई आली आणि भोपळा बघू लागली. "आख्खा नको मावशी, पाव किलो द्या."

मला वाटलं, आता या मावशीवरून तिची हजेरी घेतील. द्वारकाबाईंनी भोपळ्याकडे पाहिलं. मग त्या शेजारच्या गोणपाटावरच्या मुलीकडे वळल्या. ती मिरच्या विकत होती, त्यांच्या नातीच्या वयाची असेल. "बाय," त्या म्हणाल्या, "जरा कापून दे गो. हात मोकळा असंल तर."

मुलगी उठून आली. तिने तिची सुरी भोपळ्यात घातली, ती मध्येच अडकली, मग तिने वरून तळव्याने ठोकत कशीबशी फोड काढली. फोड तिरकी निघाली, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि बिया गोणपाटावर सांडल्या. द्वारकाबाई सगळं बघत होत्या. माझ्या तोंडात त्यांचेच शब्द येत होते, अशी कापतात काय गो, हात हाय का लाकूड.

"बरी झाली?" मुलीने विचारलं.

"छान झाली," द्वारकाबाई म्हणाल्या. "उपकार झाले गो बाय."

मला भोपळा हवा होता. घरून तोच आणायला सांगितलं होतं. पण मी घेतला असता तर त्यांना त्या मुलीला पुन्हा हाक मारावी लागली असती. मी केळी घेतली आणि निघाले.